एडा लव्हलेस : टिपणांमुळे आठवणीत राहिलेली गणितज्ञ

शिक्षकमित्रांनो आणि पालकांनो, मुलं प्रोजेक्टचा प्रोग्राम हौसेने तयार करतात. पण त्याची माहिती लिहायची म्हटलं की कंटाळतात. अशा वेळी त्यांना एडाची गोष्ट जरूर सांगा.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. ती कवी लॉर्ड बायरनची मुलगी. आईने शिक्षक नेमून तिला गणित शिकवलं. १८३३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्याशी तिची ओळख झाली. त्यांच्या नियोजित गणनयंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि स्वतःची सात टिपणं जोडली. १८४३ मध्ये हे छापून आलं, तेव्हा टिपणं मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली होती! शेवटच्या टिपणात बर्नोली संख्या काढण्याची रीत तिने पायरीपायरीने तक्त्यात मांडली. यंत्राला काय जमणार नाही, हेही लिहून ठेवलं.

१८५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ती गेली. बॅबेज यांच्या हयातीत ते यंत्र पूर्ण झालंच नाही. तरीही ते कसं चाललं असतं, हे आज आपल्याला वाचून कळतं.

म्हणून मुलांना सांगा, प्रोग्राम करता करताच त्याच्या पायऱ्या आणि मर्यादा लिहून ठेवा. पुढे वाचणाऱ्याच्या शेजारी समजवायला तुम्ही नसाल!