विश्लेषण : तीन हेडलाइट, ५१ गाड्या आणि एक खटला... ‘टकर ४८’ बनवणारे प्रेस्टन टकर द्रष्टे होते की ठग?

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १९४८ सालची एक निळी मोटार २९ लाख १५ हजार डॉलरना विकली गेली. ना ती रोल्स रॉइस होती, ना फेरारी. ती बनवणाऱ्या कंपनीच्या एका नमुना गाडीसह एकूण ५१ मोटारी तयार झाल्या, तोच कारखान्याला टाळे लागले. मालकावर गुंतवणूकदारांना फसवल्याचा खटला चालला. दुर्मीळ जुन्या मोटारींचा माग काढणाऱ्यांना आज या ५१ पैकी जवळपास प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा क्रमांकासह तोंडपाठ असतो. ही गाडी म्हणजे ‘टकर ४८’ आणि ते मालक म्हणजे प्रेस्टन टकर. कोण होते ते आणि त्यांचे नेमके काय चुकले?

प्रेस्टन टकर कोण होते?

प्रेस्टन टकर यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात केपॅक या गावी झाला. वडील लवकर गेले. आईने त्यांना डेट्रॉइटजवळच्या लिंकन पार्कमध्ये वाढवले. डेट्रॉइट तेव्हा मोटार उद्योगाची राजधानी होत होते. अकराव्या वर्षी टकर गाडी चालवायला शिकले. शाळा अर्धवट सोडून कॅडिलॅक कंपनीत ते ऑफिसबॉय म्हणून लागले. जुन्या गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा नाद विशीच्या आतच लागला.

वेगवान गाड्या चालवायला मिळतील म्हणून ते पोलिसात भरती झाले. हिवाळ्यात गस्तीच्या गाडीत कडाक्याची थंडी वाजायची. टकर यांनी टॉर्चने डॅशबोर्डलाच भोक पाडले, म्हणजे इंजिनाची ऊब आत येईल. वरिष्ठांना हे अर्थातच रुचले नाही. पुढे त्यांनी फोर्डच्या असेंब्ली लाइनवर काम केले, पेट्रोल पंप चालवला, पण खरा जम बसला तो मोटारी विकण्यात. समोरच्याला पटवण्याची कला त्यांच्याकडे उपजत होती. हीच कला पुढे त्यांना तारणार होती आणि गोत्यातही आणणार होती.

१९३५ च्या शर्यतीत काय घडले?

रेसिंग गाड्यांचे नामांकित इंजिनीअर हॅरी मिलर यांच्याशी टकर यांनी भागीदारी केली. १९३५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीसाठी फोर्ड कंपनीकडून १० गाड्यांचे काम त्यांनी मिळवले. गाड्यांची रचना काळाच्या पुढे होती, पण हाताशी वेळ अगदीच थोडा होता. त्यांची पुरेशी चाचणी झालीच नाही. दहापैकी चारच गाड्या शर्यतीसाठी पात्र ठरल्या आणि त्याही मध्येच बाद झाल्या. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स एक्झॉस्टच्या फार जवळ बसवला होता. तो तापून स्टिअरिंग जाम होत असे. दोष एकच होता आणि चार दिवस जास्त मिळाले असते तर कदाचित तो आधीच सापडला असता.

कल्पना उत्तम, आश्वासन मोठे, मुदत अपुरी. टकर यांच्या आयुष्यात हे गणित पुन्हा मांडले जाणार होते. फक्त पुढच्या वेळी त्यात हजारो सामान्य माणसांचे पैसे होते.

नवी मोटार काढण्यासाठी हीच वेळ का निवडली?

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनवणे बंद होते. युद्ध संपले तेव्हा लोकांकडे पैसा होता, पण बाजारात गाडी नव्हती. बड्या कंपन्यांनी युद्धापूर्वीचीच मॉडेल किरकोळ बदल करून पुन्हा आणली. पूर्णपणे नवी गाडी कुणी आणली तर ती हातोहात खपेल, हे टकर यांनी हेरले.

१९४६ मध्ये त्यांनी शिकागोतील एक प्रचंड सरकारी कारखाना भाड्याने मिळवला. युद्धात तिथे बी-२९ बॉम्बर विमानांची इंजिने बनत असत. सरकारची अट होती, दीड कोटी डॉलरचे भांडवल उभे करून दाखवा. टकर यांनी बँकांच्या दारात जाण्याऐवजी दोन मार्ग निवडले. गाडी तयार होण्याआधीच त्यांनी देशभर डीलरशिप विकल्या आणि मग थेट जनतेला समभाग विकले. भांडवल उभे राहिले, पण त्याबरोबर गाडी वेळेत देण्याची जबाबदारीही आली.

१९ जून १९४७ रोजी पडद्यामागे काय चालले होते?

गाडीला अंतिम रूप देण्यासाठी टकर यांनी ॲलेक्स ट्रेम्युलिस या डिझायनरला घेतले होते. पहिली नमुना गाडी हातांनी पत्रा ठोकून घडवली गेली. ‘टिन गूज’ हे तिचे टोपणनाव. १९ जून १९४७ रोजी शिकागोच्या कारखान्यात सुमारे तीन हजार पाहुण्यांसमोर तिचे अनावरण ठरले.

आदल्या रात्री गाडीच्या वजनाने सस्पेन्शनचे आर्म तुटले. इंजिनाचा आवाज इतका होता की तो झाकायला बँड जोरात वाजवावा लागला. कार्यक्रमाला उशीर झाला, पण पडदा उघडला आणि पाहुणे गाडीवर खूश झाले. त्या गाडीला रिव्हर्स गिअरच नाही, ही बातमी मात्र थोड्याच दिवसांत फुटली. या गाडीला मागे जाता येत नाही, असा तिचा बोभाटा झाला आणि तो शेवटपर्यंत पाठ सोडेना.

रिव्हर्स गिअर का नव्हता?

मूळ कल्पना धाडसी होती. तब्बल ५८९ घनइंचांचे, म्हणजे साडेनऊ लिटरहून मोठे इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला आडवे बसवायचे. नेहमीची कॅमशाफ्ट वगळून व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाने उघडायचे. गिअरबॉक्स न लावता इंजिनाची दोन टोके टॉर्क कन्व्हर्टरमार्फत सरळ मागच्या दोन चाकांना जोडायची. कागदावर हे सुटसुटीत होते. प्रत्यक्षात तेलाचा दाब तयार होण्याआधी इंजिन सुरू करणेच अवघड जाई. शिवाय या थेट जोडणीत गाडी मागे नेण्याची सोय नव्हती.

टकर यांनी हट्ट सोडला. बेल हेलिकॉप्टरमध्ये वापरले जाणारे फ्रँकलिन इंजिन त्यांनी निवडले. त्यात सहा सिलिंडर होते, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. ३३५ घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेपाच लिटरचे हे इंजिन हवेने थंड होणारे होते. ते पाण्याने थंड होईल असे बदलून घेतले. ताकद होती १६६ अश्वशक्ती. त्याच काळातील फोर्ड व्ही-८ची ताकद १०० अश्वशक्ती होती. पुरवठा खात्रीचा राहावा म्हणून टकर यांनी ते इंजिन बनवणारी कंपनीच विकत घेतली.

गिअरबॉक्ससाठी तर त्यांची माणसे भंगारवाल्यांकडे फिरली. १९३७ मध्ये बंद पडलेल्या कॉर्ड या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असत. तोच जोड उलटा करून मागे बसवता येईल, हे इंजिनीअरांच्या लक्षात आले. जुन्या कॉर्डचे गिअरबॉक्स शोधून, दुरुस्त करून सुरुवातीच्या टकर गाड्यांना लावले गेले. त्यात रिव्हर्स गिअर होता.

गाडीत वेगळे काय होते?

सर्वात लक्षवेधी होता तो मधला तिसरा हेडलाइट. स्टिअरिंग १० अंशांपेक्षा जास्त वळले की तोही त्या दिशेला वळे आणि वळणापलीकडचा रस्ता उजळून निघे. अपघातात समोरची काच फुटून अंगावर येण्याऐवजी अख्खी बाहेर निखळून पडेल, अशी ती बसवलेली होती. डॅशबोर्डला मऊ अस्तर होते. पुढच्या प्रवाशाला धडकेच्या वेळी खाली दडता यावे म्हणून डॅशबोर्डखाली मोकळी जागा ठेवली होती. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते.

सगळ्याच कल्पना टकर यांच्या होत्या असे मात्र नाही. मागे इंजिन आणि पुढे तीन दिवे असलेल्या टाट्रा मोटारी चेकोस्लोव्हाकियात १९३० च्या दशकातच धावत होत्या. शिवाय जाहिरातीत सांगितलेले डिस्क ब्रेक आणि फ्युएल इंजेक्शन प्रत्यक्ष गाडीत आलेच नाहीत. सीट बेल्टचा विचार झाला होता, पण बेल्ट पाहून गाडीच असुरक्षित आहे असे लोकांना वाटेल, या भीतीने तो मागे पडला.

नोव्हेंबर १९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर सात गाड्यांची चाचणी झाली. ताशी सुमारे ९५ मैल वेगात एक गाडी घसरून तीनदा उलटली. समोरची काच ठरल्याप्रमाणे निखळून पडली आणि चालक किरकोळ खरचटण्यावर वाचला. १३ वर्षांपूर्वी ज्या ट्रॅकवर त्यांच्या गाड्यांनी माती खाल्ली होती, तिथेच त्यांचे म्हणणे खरे ठरले.

तपास कशामुळे सुरू झाला?

पैसा वेगाने संपत होता. म्हणून १९४८ मध्ये टकर यांनी आणखी एक योजना आणली. ग्राहकाने रेडिओ, सीट कव्हर, प्रवासी बॅगा अशा वस्तू आधीच विकत घ्यायच्या आणि त्या बदल्यात गाडीच्या प्रतीक्षा यादीत नंबर पक्का करायचा. आपल्याकडच्या ‘सेबी’प्रमाणे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी आयोगाला, ‘एसईसी’ला, हे खटकले. नसलेल्या गाडीच्या नावावर लोकांचे पैसे गोळा करणे ही फसवणूक नव्हे का, हा प्रश्न होता आणि तो गैरलागू नव्हता.

चौकशीच्या बातम्या आल्या, तसे समभाग कोसळले. देणेकरी दारात आले. मार्च १९४९ मध्ये कारखाना बंद झाला. अर्धवट राहिलेल्या काही गाड्या मागे थांबलेल्या मोजक्या कामगारांनी जोडून पूर्ण केल्या. जून १९४९ मध्ये टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर टपालाद्वारे फसवणूक, रोखे कायद्याचा भंग आणि कट रचणे असे ३१ आरोप ठेवण्यात आले.

न्यायालयात काय झाले?

ऑक्टोबर १९४९ मध्ये शिकागोत खटला उभा राहिला. गाडी बनवण्याचा टकर यांचा हेतूच नव्हता, असे सरकारला सिद्ध करायचे होते. त्यासाठी ‘टिन गूज’च्या फजितीपासून जाहिरातीतील अपुऱ्या आश्वासनांपर्यंत सारे काही मांडले गेले. बचाव पक्षाने एकही साक्षीदार बोलावला नाही. ज्याला गाडी बनवायचीच नव्हती त्याने ५० गाड्या बनवल्या कशा, या प्रश्नावर सरकारचा दावा अडखळत होता. २२ जानेवारी १९५० रोजी ज्युरीने सर्वांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडले.

पण तोवर कारखाना गेला होता, पैसा आणि पतही गेली होती. ऑक्टोबर १९५० मध्ये कंपनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला. गुंतवणूकदार आणि डीलर यांचे पैसे बुडाले. टकर सुटले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणारे सुटले नाहीत, ही या निकालाची दुसरी बाजू आहे.

यात काळाने घेतलेला सूडही आहे. ज्यांच्या कार्यालयाने हा खटला चालवला ते सरकारी वकील ऑटो कर्नर पुढे इलिनॉयचे गव्हर्नर आणि नंतर न्यायाधीश झाले. १९७३ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात त्यांनाच दोषी ठरवण्यात आले आणि त्यांच्यावरील आरोपांत टपालाद्वारे फसवणुकीचाही समावेश होता.

बड्या कंपन्यांचे कारस्थान होते का?

टकर यांना स्वतःला तसे वाटत होते. जून १९४८ मध्ये वृत्तपत्रांत खुले पत्र छापून त्यांनी आपल्या वाटेत अडथळे आणले जात असल्याचा जाहीर आरोप केला होता. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी त्यांना संपवले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांमध्ये आजही सांगितली जाते. मात्र तिला नि:संशय पुरावा मिळालेला नाही. न सुटलेले इंजिन, भंगारातले गिअरबॉक्स आणि गाडीआधी घेतलेला पैसा ही कारणे मात्र कागदोपत्री आहेत.

टकर यांचे पुढे काय झाले?

त्यांनी हार मानली नाही. ब्राझीलमध्ये ‘कारिओका’ नावाची छोटी, स्वस्त स्पोर्ट्स कार बनवण्याची तयारी त्यांनी सुरू केली. ती गाडी कागदावरच राहिली. फुप्फुसाच्या कर्करोगाने २६ डिसेंबर १९५६ रोजी मिशिगनमधील इप्सिलान्टी येथे त्यांचे निधन झाले. वय होते ५३. शिकागोच्या त्यांच्या कारखान्याच्या जागेचा काही भाग आज एका मॉलने व्यापला आहे. मधल्या काळात तिथे फोर्ड कंपनी विमानांची इंजिने बनवत असे. त्यामुळे त्या मॉलचे नाव आहे ‘फोर्ड सिटी’.

टकर ४८ ओळखायची कशी?

मधला हेडलाइट ही पहिली खूण. पण तेवढ्यावर थांबू नये. मागे गेल्यावर सायलेन्सरचे तीन-तीन असे सहा पाइप दिसतात. दारे छपरात शिरलेली असतात. इंजिन मागे असल्याने सामानाची डिकी पुढे असते. विक्रीसाठीच्या गाड्यांचे क्रमांक १००१ ते १०५० असे आहेत. जाणकार आधी हा क्रमांक विचारतात, कारण १९८८ च्या चित्रपटासाठी फायबरग्लासच्या प्रतिकृतीही बनल्या होत्या. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी तो टकर यांच्या आयुष्यावर काढला. त्यांच्या वडिलांनी टकर कंपनीत पैसे गुंतवले होते. स्वतः कपोला आणि निर्माते जॉर्ज लुकास यांच्याकडेही या गाड्या आल्या.

५१ पैकी ४७ गाड्या आजही शाबूत आहेत. १०३९ क्रमांकाची गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. अमली पदार्थांच्या एका प्रकरणात जप्त झालेली ही गाडी सरकारनेच संग्रहालयाला दिली. ज्या सरकारने ही गाडी कधी बनणारच नव्हती असे न्यायालयात सांगितले, त्याच सरकारच्या हातून ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायला गेली.