सलगमवाला उमराव

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक नावाचा परगणा आहे. तेथील रेनहॅमच्या उमराव घराण्यात चार्ल्स टाउनशेंड याचा जन्म इ. स. १६७४ साली झाला. वडिलांच्या मृत्यूमुळे तेराव्या वर्षीच जहागिरीचा भार त्याच्यावर आला. पुढे तो हॉलंडमध्ये राजदूत व नंतर दोन वेळा मंत्री झाला. परंतु मेहुणा रॉबर्ट वॉल्पोल याच्याशी त्याचे पटेना. अखेर १७३० साली मंत्रिपद सोडून तो रेनहॅमला परतला. सत्ता गेलेला मनुष्य बहुधा कुढत बसतो. टाउनशेंड शेतीकडे वळला.

रेनहॅमकडील जमीन हलकी, रेताड. अशी जमीन त्या काळी एकदोन पिकांनंतर वर्षभर पडीक टाकीत. चारा थोडा म्हणून जनावरे थोडी. जनावरे थोडी म्हणून खत थोडे. आणि खत थोडे म्हणून धान्यही थोडे! हे चक्र तोडावे कोठे?

टाउनशेंडने ते चाऱ्यापाशी तोडले. गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर नावाचा द्विदल चारा असा चार वर्षांचा जो क्रम पुढे नॉरफोकच्या नावाने प्रसिद्ध झाला, त्याचा तो मोठा पुरस्कर्ता होता. हिवाळ्यात सलगमाच्या शेतात हलते कुंपण घालून मेंढ्या सोडीत. त्या तेथेच चरत, त्यांच्या लेंड्या तेथेच पडत आणि खुरांनी भुसभुशीत माती घट्ट बसे. आपल्याकडे धनगरांचे कळप शेतात बसवतात, तसाच हा प्रकार. मात्र येथे मेंढ्यांसाठी मुद्दाम पीक पेरलेले असे. क्लोव्हरचे बी तर सातूच्या उभ्या पिकातच टाकीत. त्यामुळे त्या वर्षी नांगर लागत नसे व जमीन उघडी पडत नसे. क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात, हे शास्त्रज्ञांना १८८६ च्या सुमारास उमगले. शेतकऱ्याला मात्र पुढचा गहू जोमाने येतो, एवढे दिसतच होते.

परराष्ट्रांशी वाटाघाटी करणारा हा मुत्सद्दी आता सलगमाच्याच गोष्टी बोलू लागला. त्यावरून त्याला ‘टर्निप टाउनशेंड’, म्हणजे सलगमवाला टाउनशेंड, असे नाव पडले. इंग्लंडात सलगम त्यानेच आणला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते खरे नव्हे. त्याच्या लहानपणीच नॉरफोकमधील काही शेतकरी सलगम पेरीत होते. पण साध्या शेतकऱ्याच्या प्रयोगाकडे कोण पाहतो? मंत्री राहिलेल्या उमरावाने तेच केले, तेव्हा इतर जमीनदारांचे लक्ष तिकडे गेले.

१७३८ साली टाउनशेंड रेनहॅम येथे वारला. १७७६ नंतर जवळच्याच होल्कम येथे टॉमस कोक या जमीनदाराने हाच मार्ग पुढे नेला. त्याच्याकडील मेंढ्यांची लोकर कातरण्याचा सोहळा पाहण्यास परदेशांतूनही शेतकरी येत.