कै. ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणी गेलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आज आमच्या मोहाडीच्या परिसरात लहानथोरांच्या तोंडी आहे. तो इतका रुळला आहे की, त्याचा उगम कोणत्या अडचणीतून झाला हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी वडीलधाऱ्यांचे स्मरण करावे, तसेच बालकांचेही करावे, असे आम्हांस वाटते. म्हणून बालशिक्षणास वाहून घेतलेल्या कै. ताराबाई मोडक यांचे अल्प चरित्र वाचकांस सादर करीत आहो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे मुलींचे शिक्षण त्या घरी नवलाचे नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या आपल्या विदर्भातच, अमरावतीस, राहिल्या. परंतु संसारसुख त्यांच्या वाट्यास फार दिवस आले नाही. १९२१ साली पतीपासून विभक्त झाल्यावर, पदरी लहान मुलगी असता, त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाचे प्रमुखपद पत्करले. तेथून १९२३ साली त्या भावनगरास गेल्या आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले.

भावनगरास गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर स्थापिले होते. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धती तेथे चालत असे. ह्या पद्धतीत मूल आपल्या आवडीचे साधन आपण उचलते, मन भरेपर्यंत त्याशी खेळते व पुन्हा जागेवर ठेवते. शिक्षिकेने हुकूम सोडावयाचा नसतो. जवळ बसून पाहावयाचे असते, आणि गरज पडेल तेवढाच हात द्यावयाचा असतो. छडी व घोकंपट्टी ह्यांवाचूनही मूल शिकते, इतकेच नव्हे तर अधिक चांगले शिकते, ह्याची खात्री ताराबाईंस येथे पटली. १९२६ साली ‘नूतन बाल शिक्षण संघ’ निघाला. ‘शिक्षण पत्रिका’ ह्या मासिकाच्या संपादनातून, आणि पुढे दादरच्या शिशुविहारातून, त्यांनी हा विचार मराठी घरांपर्यंत नेला.

तथापि एक शल्य राहिलेच. साधने महाग, त्यामुळे शाळा शहरातील सुखवस्तूंची. खेड्यातील गरिबाच्या मुलाचे काय? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत ताराबाई १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. ह्या वयात मनुष्य विसाव्याची जागा शोधू लागतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. ताराबाईंनी मात्र तेथे नव्याने आरंभ केला. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण वस्तीतील गरिबांची मुले तिच्याकडे फिरकेनात. दुसरा कोणी आईबापांस दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या दारी नेली. शिक्षिका सकाळी वस्तीत जात, मुले गोळा करीत, अंगण झाडीत, हातपाय धुवीत, नखे काढीत, केस विंचरीत. मग गाणी, गोष्टी आणि मनसोक्त खेळ. खेळावयास गारगोट्या, शिंपले, बिया, पाने, माती. ह्यांस दाम पडत नाही. बिया निवडता निवडता मोजणे येई, पाने जुळवता जुळवता आकार व रंग कळत. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी.

पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे दुसरी अडचण दिसली : मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, ती कुरणशाळा. १९६२ साली सरकारने त्यांस पद्मभूषण पदवी दिली. १९७३ साली त्या निवर्तल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि ते देशभर गेले.

वाचकहो, धानाच्या रोवणीचे दिवस आले म्हणजे आमच्याकडेही आई बांधीत असते व धाकट्यास सांभाळावयास थोरली मुलगी घरी राहते. जी वाचलेली असतात ती तीन वर्षांची झाली न झाली तोच त्यांनी अक्षरे गिरवावी, असा आग्रह घरचे धरितात. अंगणवाडीत नुसते खेळवितात, अशी तक्रारही आमच्या कानी येते. ताराबाईंचे चरित्र ह्या दोन्ही गोष्टींस उत्तर आहे. खेळ हाच त्या वयाचा अभ्यास होय; आणि मूल शाळेत येत नाही तेव्हा त्याच्या कडेवर कोणते ओझे आहे, हे मोठ्यांनी जाऊन पाहावयाचे असते. पुढल्या रोवणीस आपल्या शेजारची कोणती मुलगी घरी राहिली, एवढे जरी प्रत्येक कुटुंबाने पाहिले, आणि तिच्या भावंडास चार घटका आपल्या अंगणी घेतले, तरी ह्या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.