सरखेल कान्होजी आंग्रे : बेटे आणि सागरी सत्ता

प्रास्ताविक

मराठी चरित्रलेखनाची परंपरा रिद्धपूर येथे सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'पर्यंत मागे जाते. तेथे चरित्रनायक एक अवतारी पुरुष आहे. प्रस्तुत पाठाचा नायक एक दर्यावर्दी आहे. विद्यार्थी मित्रहो, व्यक्तीचे कर्तृत्व आणि तिच्या काळाची भौगोलिक परिस्थिती यांचा संबंध चरित्रकार कसा जोडतो, हे या पाठात लक्षात घ्यावे.

बेटाचे मोल

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगारवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. 1679 साली महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस, थळ गावासमोरील खांदेरी या निर्जन बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी ताबडतोब जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. तथापि त्यांची अवजड जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. सिद्दीने मात्र 1680 च्या आरंभी शेजारचे उंदेरी बेट बळकावले.

खांदेरीवर ना शेती होती, ना व्यापार. तरीही त्यासाठी तीन सत्ता झगडल्या. मुंबई बंदरात ये-जा करणारे प्रत्येक जहाज तेथून दिसत असे, हेच त्याचे मोल.

उदय

सुवर्णदुर्गावरील लढ्यात कान्होजींचे नाव पुढे आले. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होऊ पाहत असता त्यांनी किल्ला राखला, असे परंपरा सांगते. 1698 मध्ये त्यांना सरखेल हा किताब मिळाला. पुढे शाहू व ताराबाई यांच्या संघर्षात ते प्रथम ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथ यांनी युद्धाऐवजी बोलणी केली आणि कान्होजी शाहूंच्या पक्षात आले. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे राहिले.

कसोटी

या जलदुर्गांमुळे कान्होजींच्या गुराबांना व गलबतांना आसरा, पाणी, दारूगोळा व दुरुस्तीची सोय किनारपट्टीवर ठिकठिकाणी मिळे. शत्रू प्रबळ असल्यास मागे सरायचे आणि संधी मिळताच झडप घालायची, ही त्यांची पद्धत होती. या पाण्यात संचार करणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. परंतु दस्तक देण्याची प्रथा पोर्तुगीजांनीच या समुद्रात रूढ केली होती. वाद खरा अधिकाराचा होता.

इंग्रजांनी 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ला केला. प्रत्येक वेळी ते अपयशी ठरले. 1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव पेशवे मदतीस धावले व पोर्तुगीजांनी वेगळा तह केला. 1724 मध्ये डचांचा विजयदुर्गावरील प्रयत्नही फसला. 4 जुलै 1729 रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे.

मूल्यमापन

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात हेच तत्त्व विशाल प्रमाणावर दिसले. 1942 मध्ये ग्वाडलकॅनाल आणि 1945 मध्ये इवो जिमा या बेटांसाठी हजारो सैनिकांनी प्राण वेचले, कारण तेथील धावपट्ट्यांवरून सभोवतालच्या समुद्रावर हुकमत चालत होती. त्याच युद्धात रबौलसारखा बळकट तळ अमेरिकेने न जिंकता वगळला. रसद तुटताच तो निरुपयोगी झाला. म्हणजे बेटाचे बळ तटबंदीत कमी आणि त्याला जोडणाऱ्या आरमारात अधिक असते.

कान्होजींनंतर नेमके हेच प्रत्ययास आले. पुत्रांमध्ये कलह माजला व आरमार दुभंगले. पेशव्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांचे साहाय्य घेतले. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग आणि 1756 मध्ये विजयदुर्ग पडला. किल्ले तेच होते. त्यांना एका सूत्रात गुंफणारा सरखेल उरला नव्हता.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. निर्जन असूनही खांदेरी बेट महत्त्वाचे का ठरले?
2. कान्होजींना चाचे म्हणणे कितपत योग्य आहे? पाठाच्या आधारे चर्चा करा.