रामशास्त्री आणि एक सही

मानक नगरात आपला अर्धा जन्म चाचण्या आणि अहवालांवर सह्या करण्यात जातो. म्हणून या वर्षी रामशास्त्री प्रभुण्यांविषयी लिहावेसे वाटले.

शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे. आपल्या शेजारच्या काशीत ते शिकले, १७५१ मध्ये पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्याच दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. गादीवर चुलते रघुनाथराव आले. शास्त्रीबुवांनी घाईने आरोप केला नाही. काही आठवडे मुकाट्याने पुरावा जमवला. रघुनाथरावांचा बचाव असा सांगतात, की आपण फक्त धरण्याचा हुकूम दिला, ध चा मा दुसऱ्यानेच केला.

हा बचाव मी एका कारखान्यात तपासणीला गेलो असता ऐकला आहे. सही करणारा म्हणे, आकडे खालच्याने भरले. खालचा म्हणे, साहेबांनी सांगितले. दोघांनाही रात्री झोप लागत असणार! शास्त्रीबुवांनी मात्र हुकमाचा धनीही दोषी धरला आणि देहांत प्रायश्चित्त सांगितले, तेही पगार देणाऱ्या मालकाला.

हे बळ एका दिवसात आले असेल असे मला वाटत नाही. घरात दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा नेम होता म्हणतात. नोकरी गेली तर काय, हा हिशेब त्यांनी आधीच मिटवला होता.

निकाल सांगून ते पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले. रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर बारभाईंनी त्यांना परत आणले. पुढे १७८९ मध्ये ते वारले.