लॉर्ड जॉन मेनार्ड केन्स : अभ्यास आणि अर्थलाभ

भांडवल गुंतविण्याच्या शास्त्राचा अभ्यास केल्याने पदरात अधिक द्रव्य पडते, की तो बुद्धिबळासारखा एक सुशिक्षित छंदच होय, हा वाद आपल्या ज्ञातिबांधवांच्या अनेक घरांतून चालत असतो. सकाळी शेअरांच्या भावात डोके घालून बसलेल्या यजमानांविषयी गृहिणींचे मत काय असते, ते आम्ही येथे सांगत नाही. परंतु या वादात साक्ष काढावी असा एक पुरुष इंग्लंडात होऊन गेला, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे झाला. वडील तेथेच अध्यापक होते. १९०६ साली ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस लागले. तेथील त्यांचे पहिले काम म्हणजे दहा तरुण वळू जहाजाने मुंबईस रवाना करणे! हिंदुस्थानात त्यांनी कधीच पाऊल ठेवले नाही, तरी १९१३ साली हिंदी चलनावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ विद्वन्मान्य ठरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटिश अर्थखात्यात होते, आणि १९१९ साली व्हर्सायच्या तहाच्या अटी न पटल्यामुळे ते तेथून बाहेर पडले.

युरोपातील चलनांचे ज्ञान त्यांच्याइतके फारच थोड्यांस असेल. या ज्ञानाच्या बळावर त्यांनी स्वतःच्या व स्नेह्यांच्या पैशाने परकीय चलनांचा सट्टा आरंभिला. जर्मन मार्क घसरणार हा त्यांचा होरा पुढे खरा ठरला. पण १९२०च्या मे महिन्यात तो काही आठवडे उलट चढला आणि तेवढ्यात सारे भांडवल बुडाले. सर अर्नेस्ट कॅसल या धनिकाने दिलेले ५,००० पौंडांचे कर्ज व वडिलांचे साहाय्य यांवर ते सावरले. स्नेह्यांची देणी त्यांनी पुढे फेडली, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

याच सुमारास किंग्ज कॉलेजच्या निधीची व्यवस्था त्यांच्याकडे आली व १९२४ साली ते तेथील मुख्य कोषाध्यक्ष झाले. जमिनीच्या उत्पन्नावर विसंबणाऱ्या त्या संस्थेचा पैसा त्यांनी शेअरांत घातला. सकाळी अंथरुणातच अर्धा तास वर्तमानपत्रे वाचावी, दलालाशी टेलिफोनवर बोलावे, असा त्यांचा क्रम असे. व्यापारातील तेजी-मंदीचे चक्र ओळखून वेळीच खरेदी-विक्री करावयाची, ही त्यांची पद्धत. अर्थशास्त्राच्या अशा धुरंधर पंडिताला तरी ते साधावयास हवे होते! परंतु पुढील संशोधकांनी हिशेब तपासले, तेव्हा १९२९च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची कामगिरी साध्या बाजाराच्या सरासरीहूनही मागे असल्याचे दिसून आले. त्यांची स्वतःची मालमत्ता १९२७ अखेर सुमारे ४४,००० पौंड होती, ती रबर, कापूस, कथील आदी मालाच्या सट्ट्यापायी दोन वर्षांत ८,००० पौंडांच्या खाली आली.

यानंतर त्यांनी अभ्यास सोडला नाही. अभ्यासाचा विषय बदलला. चक्राचा नाद टाकून मोजक्या कंपन्यांचे ताळेबंद व चालक पारखावे, भाव कमी असता घ्यावे आणि वर्षानुवर्षे धरून बसावे, असा परिपाठ त्यांनी ठेवला. ऑस्टिन मोटर कंपनी व दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणी ही त्यांतील ठळक नावे. खरेदी-विक्री कमी झाली आणि लाभ वाढला. १९२२ ते १९४६ या काळात त्यांच्या अधिकारातील शेअरांवर वर्षाकाठी सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास परतावा पडला. बाजाराचा मात्र १० टक्क्यांहून थोडा अधिक होता. तथापि कंपन्यांच्या चालकांशी असलेली त्यांची ओळखदेख तुम्हा-आम्हांस कोठून लाभणार, हेही विसरून चालत नाही. शिवाय ही वाटचालही सरळ नव्हती. १९३६ अखेर त्यांची मालमत्ता पाच लाख पौंडांवर होती, ती दोन वर्षांत दोन लाखांखाली उतरली. आमच्या मते येथे त्यांना तारले ते ज्ञानापेक्षा धीराने, आणि तो धीर अगोदरच्या दोन ठेचांनी शिकविला होता.

१९३६ सालीच लिलावात आलेली न्यूटनची अनेक हस्तलिखिते त्यांनी विकत घेतली. हा मात्र निखळ छंद होता. योगायोग असा की, खुद्द न्यूटननेही १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांत मोठी रक्कम गमावली होती. २१ एप्रिल १९४६ रोजी केन्स निवर्तले आणि ते कागद त्यांच्या इच्छेप्रमाणे किंग्ज कॉलेजकडे गेले.