नामदार गोखले आणि गिरमिटाचा अंगठा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्या चित्तपावन ज्ञातीचे भूषण होत. त्यांचा अर्थसंकल्पावरील अधिकार सर्वांस ठाऊक आहे. परंतु गिरमिटिया मजुरांसाठी त्यांनी केलेले कार्य सहसा विस्मृतीत जाते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी नोकरी पत्करून धाकट्या भावास शिकविले. १८८४ साली पदवी मिळाल्यावर गोपाळराव शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन, दरमहा अवघ्या ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन त्यांनी स्वीकारले. ते बंधन अटी जाणून, आपण होऊन घेतलेले होते.

मॉरिशस, नाताळ, फिजी येथील उसाच्या मळ्यांवर जाणाऱ्या निरक्षर मजुरांचे तसे नव्हते. ‘अॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन झालेल्या ‘गिरमिटा’वर अंगठा उठविला की, पाच वर्षे मालक बदलण्याचा वा काम सोडण्याचा हक्क संपे. काम चुकल्यास दंड वा तुरुंग ठरलेला. आणि शिक्षेची ही बाब अंगठा घेताना सांगितली जात नसे.

१९१० साली गोपाळरावांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात नाताळची मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य होऊन १९११ साली ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. मजूर राजीखुशीने करार करतात, हा सरकारपक्षाचा बचाव त्यांनी खोडून काढला. एक पक्ष अज्ञानी व असहाय, दुसरा सर्वसमर्थ. तेथे राजीखुशी कसली, असा त्यांचा रोख होता. बाजूने २२ व विरुद्ध ३३ मते पडून ठराव फेटाळला गेला. त्याच वर्षी, प्रकृती खालावलेली असताही, ते दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९१७ साली भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. हे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज आपली मुले नोकरीवर रुजू होताना लांबलचक कागदांवर न वाचताच सह्या करतात. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढ्याने माणूस स्वतंत्र होत नाही. आपण कोणता हक्क सोडत आहोत हे जाणून मगच सही करावी, हाच गोपाळरावांच्या चरित्राचा बोध होय.